पाळीआधी स्तन दुखतात? कॅप्सूल विकत घेण्याआधी हे बघा

देवगडात एसटी स्टँडपासून जवळच माझं औषधांचं दुकान आहे. बी.फार्म. करून लग्नानंतर इथे आले, तेव्हापासून काउंटरवर मीच असते. समोर बाई आहे म्हटल्यावर बायका मोकळेपणी विचारतात. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही ना ते बघायचं, ओढणी किंवा पदर पुढे घ्यायचा आणि हळूच म्हणायचं, "वैनी, पाळयेच्या आधी छातयेत दुखता, काय तरी द्या." कुणाच्या हातात आधीच चिठ्ठी असते. त्यावर बहुधा ईव्हनिंग प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल असतात, नाहीतर व्हिटॅमिन ई, कधी दोन्ही. महिनाभराचे पैसे मोजून बाई जाते आणि पुढच्या महिन्यात तेच दुखणं घेऊन परत येते.

हे थांबावं म्हणून लिहिते आहे. या दुखण्यावर औषधं आहेत, त्यांचे अभ्यास झालेले आहेत आणि कोणतं औषध कितपत चालतं हे बऱ्यापैकी माहीत आहे. गोळी लिहून देणं डॉक्टरांचं काम, ते मी करत नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, आणि हातात आलेल्या चिठ्ठीवरचं औषध कशासाठी आहे, हे प्रत्येकीला कळलं पाहिजे.

आधी दुखणं ओळखा

पाळीशी बांधलेलं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना असतं. स्तन जड होतात, ठणकतात, काखेच्या बाजूचा वरचा भाग जास्त हुळहुळा होतो. हात वर केला, कुशीवर वळलं, पोरगं येऊन बिलगलं तरी कळ येते. पाळीच्या आधी आठवडा-दहा दिवस हे वाढत जातं आणि पाळी सुरू झाली की ओसरतं. तिशी-चाळिशीत जास्त दिसतं, पाळी कायमची गेली की बहुतेकींचं जातंच. डॉक्टरांच्या कागदावर याला 'सायक्लिकल मॅस्टाल्जिया' लिहिलेलं असतं.

दुसऱ्या प्रकारचं दुखणं एकाच जागी, महिनाभर सारखं असतं. त्यात पुष्कळदा स्तनाचा संबंधच नसतो. बरगडीचा कूर्चेशी जोड असतो तिथे सूज येते किंवा छातीचा स्नायू ओढला जातो. आमच्याकडे आंब्याच्या दिवसांत पेट्या उचलणाऱ्या, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फिरणाऱ्या आणि काजूच्या कारखान्यात तासन्‌तास वाकून बसणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या दुखण्याचं मूळ अनेकदा स्नायूत सापडतं. बोटाने बरगडीवर दाबून नेमकी तीच कळ आली तर ही शक्यता मोठी. खाली ज्या हार्मोनच्या गोळ्यांबद्दल लिहिलं आहे त्या या दुखण्यासाठी नाहीत.

आपलं दुखणं कोणतं हे आठवणीवर सांगता येत नाही, लिहून ठेवावं लागतं. वेल्समधल्या कार्डिफच्या डॉक्टरांनी यासाठी एक तक्ता केला. स्तनांच्या दुखण्यावर तिथे पुष्कळ काम झालं आहे. त्यांच्या तक्त्यात रोज एक चौकोन असतो: खूप दुखलं तर पूर्ण काळा, थोडं दुखलं तर अर्धा, नाही दुखलं तर नुसता ठिपका, आणि पाळीच्या दिवशी 'पी'. हे छापील मिळवायची गरज नाही. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतंच, त्याच्या रोजच्या चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलने तीच खूण करा. पाळीसाठी 'पी'ऐवजी फुली करा, म्हणजे घरात कुणी पाहिलं तरी सांगत बसावं लागणार नाही. किमान दोन पाळ्या होईपर्यंत रोज रात्री झोपण्याआधी ही खूण करायची.

या खुणांचा दुहेरी उपयोग होतो. दुखणं पाळीच्या तालावर आहे की नाही ते दिसतं, आणि महिन्यातले किती दिवस खरोखर वाया जातात तेही दिसतं. चार दिवस हुळहुळं वाटणं आणि पंधरा दिवस काम न सुधरणं यांना एकच औषध लागत नाही. शिवाय पुढे औषध सुरू केलं तर ते चाललं की नाही हे ठरवायला याच खुणा लागणार आहेत.

दोन महिने थांबायचं नाही अशी लक्षणंही आहेत. गाठ लागणं, बोंडातून रक्त किंवा आपोआप पाणी येणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं किंवा आत ओढली जाणं, बोंड नव्याने आत वळणं, काखेत गाठ, किंवा एकाच ठिकाणी न हटणारं दुखणं. यातलं काहीही असेल तर कालनिर्णय बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात तपासून घ्या. कणकवलीला जायचं की थेट कोल्हापूर, ते घरच्यांबरोबर ठरवा, पण पुढच्या पाळीची वाट बघू नका. स्तनपान चालू असताना एक बाजू लाल, गरम होऊन ताप आला तर तोही वेगळा आणि तातडीचा आजार आहे.

नुसत्या दुखण्यामागे, म्हणजे गाठ नाही, तपासणी स्वच्छ आहे अशा दोन्हीकडच्या दुखण्यामागे, कॅन्सर सापडणं फार विरळा. बऱ्याच जणी हीच भीती मनात घेऊन येतात आणि ती बोलून दाखवत नाहीत. डॉक्टरांनी हाताने नीट तपासून "काही नाही" असं सांगितल्यावर निम्म्याहून जास्त जणींना औषधच लागत नाही, हे जगभरच्या स्तनरोगाच्या दवाखान्यांनी नोंदवलं आहे. म्हणून नुसती चिठ्ठी मागू नका, तपासणी मागा. पुरुष डॉक्टरांकडे संकोच वाटत असेल तर सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला बरोबर थांबायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फायब्रोसिस्टिक बदल' असं लिहून आलं तर घाबरू नका. पाळी चालू असलेल्या असंख्य स्त्रियांत ते दिसतात.

हार्मोनच्या रक्ततपासण्यांवरही पैसे घालवू नका, पाळी नियमित असेल तर त्यात बहुधा काहीच निघत नाही. शरीरातलं हार्मोन जास्त झालेलं नसतं, स्तनातल्या पेशी त्याला जास्त प्रतिसाद देतात. मात्र दुसऱ्या कशासाठी कुठली गोळी चालू आहे ते डॉक्टरांना जरूर सांगा. गर्भनिरोधक गोळ्या, पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या, रजोनिवृत्तीनंतरचे हार्मोन यांनी स्तन दुखू शकतात. पित्तासाठी महिनोन्‌महिने डॉमपेरिडोनची गोळी घेणाऱ्या कितीतरी जणी माझ्याकडे येतात. तिच्यामुळे प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढतं आणि स्तन दुखू शकतात. अशा वेळी नवं औषध जोडण्याआधी जुनं बंद करता येईल का ते विचारायचं.

गोळीच्या आधी ब्रा आणि जेल

2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 200 स्त्रियांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाने डॅनॅझॉल ही हार्मोनवर काम करणारी गोळी घेतली (तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे), दुसऱ्याने घट्ट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा वापरली. ब्राच्या गटात 85 टक्के जणींना बरं वाटलं, डॅनॅझॉलच्या गटात 58 टक्क्यांना, आणि औषध घेणाऱ्यांत दुष्परिणामही पुष्कळ होते. यावरून ब्रा गोळीपेक्षा भारी असं मी म्हणणार नाही, कारण कोण काय वापरतंय हे दोन्ही गटांना माहीत होतं. पण ज्या उपायाला दुष्परिणाम नाही तो आधी करावा, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

आमच्याकडे अडचण अशी की ब्रा मापून कुणी घेत नाही. बाजारात गर्दीत "छत्तीस द्या" म्हणायचं आणि पिशवीत टाकायचं. मुलं झाल्यावर माप बदलतं, जुनं तेच चालू राहतं. खालची पट्टी वर सरकते, सगळं वजन खांद्याच्या पट्ट्यांवर येतं आणि स्तन हलत राहतात. घरी टेपने स्तनांच्या खाली आणि सगळ्यात भरलेल्या जागी, अशी दोन मापं घ्या आणि ती दोन्ही दुकानात सांगा. सुती, रुंद पट्टीची, तार नसलेली ब्रा घ्या. दुखण्याच्या दिवसांत रात्रीही सैलसर, मऊ ब्रा घालून झोपलं तर कुशीवर वळताना कळ कमी येते. मे महिन्यात घामाने पट्टीखाली पुरळ उठतं, म्हणून दोन ठेवा आणि रोज बदला.

याने भागलं नाही तर पुढचं पाऊल जेलचं. डायक्लोफेनॅकचं जेल दुखऱ्या जागी दिवसातून तीनदा लावण्याचा अभ्यास 2003 साली झाला. 108 स्त्रियांत औषध असलेलं आणि नसलेलं जेल वापरून पाहिलं, आणि औषध असलेल्याने दुखणं स्पष्ट कमी झालं. पाळीशी बांधलेल्या आणि न बांधलेल्या, दोन्ही प्रकारच्या दुखण्यात. पोटात गोळी जात नाही म्हणून त्रासही कमी. पहिल्या औषधाची निवड माझ्यावर सोडली तर मी हेच सुचवेन.

फक्त दुकानात मागताना जपून मागा. आपल्याकडे 'दुखण्याचं जेल' म्हणून जे मिळतं त्यात डायक्लोफेनॅकबरोबर मेन्थॉल, मिथाइल सॅलिसिलेट आणि जवसाचं तेल घातलेलं असतं, काहींत मिरचीतलं कॅप्सेसिनही. गुडघ्याला ते चालतं. स्तनाच्या नाजूक कातडीवर, त्यातही घामाच्या दिवसांत, आग होते. "नुसतं डायक्लोफेनॅक असलेलं जेल द्या" असं सांगा आणि ट्यूबवर वाचून घ्या. आंघोळीनंतर अंग कोरडं करून पातळ थर लावा, बोंड आणि त्याभोवतीचा काळसर भाग सोडून द्या, हात धुवा. अंगावर पाजत असाल, दिवस गेले असतील, किंवा दुखण्याच्या गोळीने दम लागत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे लावायचं नाही. एखाद-दुसरा दिवस फारच असह्य झाला तर पॅरासिटॅमॉल घेता येते. आयबुप्रोफेनही चालते, पण पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नाही.

त्या कॅप्सूलबद्दल स्पष्टच

ईव्हनिंग प्रिमरोज तेलात गॅमा लिनोलेनिक आम्ल असतं. एकेकाळी कार्डिफमध्येही ते पहिला उपाय म्हणून दिलं जायचं. मग औषध नसलेल्या कॅप्सूलशी नीट तुलना करणारे अभ्यास झाले, आणि दोन्ही गटांत सारखाच फरक पडलेला दिसला. नेदरलँड्समध्ये माशाच्या तेलाबरोबरही तपासलं, निकाल तोच. 2002 साली ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी स्तनदुखीसाठी दिलेला त्याचा परवाना काढून घेतला, कारण परिणाम सिद्ध होत नव्हता. आपल्याकडे ते अजून सर्रास लिहिलं जातं.

मग "माका त्या कॅप्सूलीन बरा वाटला" म्हणणाऱ्या बायका खोटं बोलतात का? अजिबात नाही. या दुखण्याचा स्वभावच कमी-जास्त होण्याचा आहे. औषध नसलेली गोळी दिलेल्या गटातसुद्धा तीनातल्या एकीहून जास्त जणींना आराम पडल्याचं चांगल्या अभ्यासांत दिसतं. तुम्हाला बरं वाटत असेल आणि परवडत असेल तर घ्या, त्याने मोठं नुकसान नाही. फिट्‌सचा आजार असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर मात्र आधी विचारा. पण घरखर्चातून पैसे काढून तीन महिने घेणं आणि त्याच काळात खरं उपयोगी औषध न मिळणं, हे मला पटत नाही.

व्हिटॅमिन ईची गोष्टही फार वेगळी नाही, पुरावा डळमळीत आहे. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या या दुखण्यावर चालत नाहीत, अँटिबायोटिकचा तर संबंधच नाही. चहा सोडा, सुकी मासळी खाऊ नका असं सांगतात, त्यालाही भक्कम आधार सापडलेला नाही. चहा सोडून बघायचा असेल तर दोन पाळ्यांपुरता सोडा आणि कालनिर्णयावरच्या खुणा बघा. फरक नसेल तर पुन्हा सुरू करा. जवसाची पूड रोज दोन-तीन चमचे खाण्याचे काही छोटे अभ्यास बरे आहेत. चटणी करून जेवणात घेतली तर बिघडत काहीच नाही.

हार्मोनवर काम करणाऱ्या गोळ्या

इथपर्यंतचं सगळं करून झालं, दोन-तीन महिन्यांच्या खुणा हातात आहेत, आणि तरी महिन्यातला आठवडाभर किंवा जास्त दुखणं झोप आणि काम खातंय. तेव्हाच या गोळ्यांकडे वळायचं. चार नावं तुमच्या कानावर येतील: टॅमॉक्सिफेन, ऑर्मेलॉक्सिफेन, डॅनॅझॉल, ब्रोमोक्रिप्टिन.

त्यांची तुलना करताना मी चार गोष्टी बघते. औषध नसलेल्या गोळीपेक्षा किती जास्त जणींना आराम पडला, अंगावर काय उमटतं, दिवस राहण्याशी काय संबंध, आणि बंद केल्यावर दुखणं किती दिवसांनी परततं. शेवटचा प्रश्न बायका विचारतच नाहीत, आणि डॉक्टरही घाईत सांगत नाहीत.

टॅमॉक्सिफेन आणि डॅनॅझॉल यांची समोरासमोर तुलना 1997 साली प्रसिद्ध झाली. 93 स्त्रिया होत्या. एका गटाला रोज 10 मिलिग्रॅम टॅमॉक्सिफेन, दुसऱ्याला 200 मिलिग्रॅम डॅनॅझॉल, तिसऱ्याला औषध नसलेली गोळी, सहा महिने. टॅमॉक्सिफेनने 72 टक्के, डॅनॅझॉलने 65 टक्के आणि नुसत्या गोळीने 38 टक्के जणींना आराम पडला. म्हणजे शंभर जणींनी टॅमॉक्सिफेन घेतलं तर बरं वाटलेल्या 72 मधल्या साधारण 38 जणींना तसंही बरं वाटलं असतं, औषधाची खरी कमाई बाकीच्या 34 जणींत आहे. गोळ्या थांबवल्यावर वर्षभराने टॅमॉक्सिफेन घेतलेल्यांपैकी 53 टक्के, डॅनॅझॉल घेतलेल्यांपैकी 37 टक्के जणी दुखण्यातून मोकळ्या होत्या, आणि नुसत्या गोळीच्या गटात एकही नाही. मला यातला वर्षभरानंतरचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 2007 साली तोवरचे सगळे चांगले अभ्यास एकत्र करून पाहणारा आढावा आला, त्यात दिल्लीच्या एम्सचे सर्जन होते. टॅमॉक्सिफेन, डॅनॅझॉल आणि ब्रोमोक्रिप्टिन तिन्ही दुखणं कमी करतात, त्यात टॅमॉक्सिफेनचा त्रास सगळ्यात कमी, आणि प्रिमरोजचा फायदा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

टॅमॉक्सिफेनची अडचण त्याच्या नावात आहे. बाई पाकीट घेऊन घरी जाते, नवरा मोबाइलवर नाव टाकतो, कॅन्सरची गोळी असं वाचतो आणि घरात रडारड सुरू होते. तासाभरात पाकीट परत माझ्या काउंटरवर. म्हणून मी ते देतानाच सांगते: ही गोळी स्तनाच्या कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं आहे, पण तुम्हाला कॅन्सर आहे म्हणून ती दिलेली नाही. स्तनातल्या पेशींवर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन जिथे बसतं ती जागा ही गोळी अडवते, म्हणून तिथलं ठणकणं शमतं. कॅन्सरमध्ये रोज 20 मिलिग्रॅम, पाच-पाच, दहा-दहा वर्षं देतात. इथे 10 मिलिग्रॅम, तीन ते सहा महिने. 10 आणि 20 यांत दुखण्यावर फरक पडत नाही, त्रास मात्र 10 मध्ये कमी होतो, हेही तपासलेलं आहे. तेव्हा चिठ्ठीवर 20 लिहिलं असेल तर "दहाने भागेल का?" असं डॉक्टरांना विचारा. अंगातून वाफा येणं, पांढरं जाणं, पाळी मागे-पुढे होणं हे यात होऊ शकतं. कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, तर ही गोळी नाही. घेताना एका पायाला सूज येऊन दुखलं किंवा अचानक दम लागला तर गोळी बंद करून लगेच दवाखाना. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल तर टॅमॉक्सिफेनने आणि डॅनॅझॉलनेही रक्त जास्त पातळ होतं.

ऑर्मेलॉक्सिफेन आपल्या देशातलं औषध आहे, लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं. 1991 पासून 'सहेली' या नावाने गर्भनिरोधक म्हणून मिळतं, आणि 2016 पासून सरकारी कुटुंब नियोजनात 'छाया' या नावाने फुकट. आशाताईच्या पिशवीत असते ती हीच गोळी. टॅमॉक्सिफेनच्याच जातीची, पण स्टेरॉइड नाही, रोज घ्यावी लागत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये आणि देशात इतरत्र स्तनदुखीवर तिचे अभ्यास झाले, डॅनॅझॉलशी तुलनाही झाली. भारतातल्या या अभ्यासांत 30 मिलिग्रॅमची गोळी एकाआड एक दिवस किंवा आठवड्यातून दोनदा, साधारण 12 आठवडे दिली जाते. आराम चांगला पडतो. अभ्यास टॅमॉक्सिफेनइतके मोठे आणि जुने नाहीत, पण आपल्याच बायकांवर झालेले आहेत, म्हणून मी त्यांना मान देते.

हिचा मुख्य त्रास म्हणजे पाळी लांबते. पहिल्या तीन महिन्यांत पाळी चाळीस-पंचेचाळीस दिवसांवर गेली तर बाई घाबरते. पंधरा दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर घरी गर्भतपासणी करून घ्या. अंडाशयात पाण्याची गाठ होऊ शकते, ती सहसा आपोआप जाते. पीसीओडी, नुकती झालेली कावीळ किंवा यकृताचा आजार, मूत्रपिंडाचा आजार, क्षयरोग यांपैकी काही असेल तर ही गोळी नाही. आमच्याकडे पावसाळ्यात कावीळ होत असते आणि बायका ती सांगायला विसरतात, गावठी औषधाने बरी केली म्हणून. ती सांगाच. आणि छाया घरात पडलेली आहे म्हणून स्वतःहून सुरू करू नका: आधी तपासणी, मग गोळी. ज्यांना मूल नको आहे आणि स्तनही दुखतात, अशांनी मात्र डॉक्टरांना हिच्याबद्दल आवर्जून विचारावं, दोन्ही कामं एका गोळीत होतील.

डॅनॅझॉल जुनं औषध. अमेरिकेत स्तनदुखीच्या या प्रकारासाठी रीतसर मंजुरी मिळालेलं हे एकच. आराम देतं, पण ते पुरुषी हार्मोनच्या जवळचं आहे, म्हणून वजन वाढतं, मुरुमं येतात, ओठावर-हनुवटीवर केस येतात, पाळी बिघडते. आवाज घोगरा होऊ शकतो आणि तो बंद केल्यावरही पूर्ववत होईलच असं नाही. भजनात गाणारी, शाळेत शिकवणारी बाई असेल तर तिला मी हे आधी सांगते, आवाजात जरा फरक वाटला की गोळी थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यातच 200 मिलिग्रॅम घेतलं तर गुण येतो आणि त्रास बराच टळतो, असं एका नीट केलेल्या अभ्यासात दिसलं आहे. डॅनॅझॉल लिहिलं असेल तर रोज घ्यायचं की पंधरवडाच, हे विचारूनच उठा. यकृताचा आजार किंवा गुठळीचा इतिहास असेल तर हे नाही.

ब्रोमोक्रिप्टिन प्रोलॅक्टिन कमी करतं. दुखणं कमी होतं, पण मळमळ, उलट्या, चक्कर इतकी की पुष्कळ जणी मध्येच सोडतात. चक्कर येत असताना विहिरीवर किंवा जेटीवर काम करणं धोक्याचं आहे. आता या दुखण्यासाठी ते मागे पडलं आहे. याहून पुढे गोसेरेलिनची इंजेक्शनं आहेत, ती पाळीच थांबवतात. ती खास तज्ज्ञाने, बाकी सगळं हरल्यावर द्यायची.

एवढं बघून माझं मत असं: जेलने भागलं नाही तर ऑर्मेलॉक्सिफेन किंवा 10 मिलिग्रॅम टॅमॉक्सिफेन यांतून तुमच्या तब्येतीला साजेल ते, आणि ते चाललं नाही तर पंधरवड्यापुरतं डॅनॅझॉल. टॅमॉक्सिफेन आणि ऑर्मेलॉक्सिफेन यांना स्तनदुखीसाठी आपल्याकडे स्वतंत्र मंजुरी नाही, डॉक्टर अनुभवाने आणि अभ्यासांच्या आधारे देतात. ते बेकायदा नाही, पण म्हणूनच तज्ज्ञ सर्जन किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाने लिहिलेलं असावं.

सुरू केल्यावर

गोळी पाळीच्या पहिल्या दिवसांत सुरू करा, म्हणजे दिवस गेलेले नाहीत याची खात्री राहते. कालनिर्णयावरच्या खुणा थांबवू नका. पहिल्या महिन्यात फरक दिसला नाही म्हणून गोळी टाकू नका, आणि दिसला म्हणून वाढवूही नका. तीन महिन्यांनी आधीच्या आणि आताच्या खुणा शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. काळे चौकोन निम्म्याने कमी झाले नसतील तर तेच औषध ओढत राहण्यात अर्थ नाही, बदलायला सांगा. कमी झाले असतील तर सहा महिन्यांच्या आत थांबवून बघायचं. पुष्कळ जणींचं दुखणं काही महिन्यांनी परततं, पण बहुधा आधीपेक्षा हलकं, आणि तेव्हा पुन्हा ब्रा आणि जेलपासून सुरुवात करता येते.

नवरा बोटीवर किंवा मुंबईला आहे, गणपतीला येईल, म्हणून गर्भनिरोधनाचा विचार आत्ता नको असं बऱ्याच जणी म्हणतात. डॅनॅझॉल आणि टॅमॉक्सिफेन चालू असताना दिवस राहिले तर बाळाला इजा होऊ शकते, डॅनॅझॉलने मुलीच्या गर्भाच्या जननेंद्रियांची वाढच बिघडते. गर्भनिरोधक गोळ्या या दोन्हींबरोबर चालत नाहीत, निरोध किंवा तांबी वापरावी लागते. चाकरमानी यायच्या आधीच त्याची सोय करून ठेवा. टॅमॉक्सिफेन बंद केल्यावरही काही महिने थांबूनच मुलाचा विचार करायचा, किती ते डॉक्टर सांगतील. आणि गोळ्या चालू असताना पाळी चुकली, तर पुढच्या गोळीआधी गर्भतपासणी करा. दोन रेषा आल्या तर गोळी तिथेच थांबवा आणि पाकीट पिशवीत घालून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.